वहिनींच्या चार दिवसांच्या रजेबाबत

तक्रारदार: मी स्वतः. वय त्रेपन्न. धंदा अर्ज लिहिणे. बैठक श्रीरामपूर, कचेरीच्या फाटकाबाहेर, कडुनिंबाखालचे टेबल.

जिच्या वतीने तक्रार: सुमन, माझ्या थोरल्या भावाची पत्नी. घरात, भावकीत व वस्तीवर सर्वांची वहिनी. हयात नाही.

सामनेवाले: एक, माझा थोरला भाऊ दादा, नागापूरच्या एका कारखान्यात कामगार. दोन, माझी बहीण अक्का, संगमनेरला दिलेली. तीन, मी स्वतः.

साक्षीदार: शेजारीण सिंधूबाई. गावच्या आशाताई. आणि माझी आई पार्वताबाई, जिला सर्व काही ठाऊक आहे व एकच शब्द बोलता येतो.

ठिकाण: घोडेगावजवळची आमची वस्ती, घराची आतली खोली. काळ: आई अंगणात पडली त्या श्रावणापासून वहिनी गेल्या त्या माघापर्यंत, साडेसात वर्षे.

तक्रारदार आणि सामनेवाला क्रमांक तीन एकच असलेला अर्ज कोणतीही कचेरी दाखल करून घेणार नाही, हे मला तीस वर्षांच्या अनुभवावरून ठाऊक आहे. मी नववीपर्यंत शिकलो, परंतु माझ्या मसुद्यात वकिलांनीही आजवर चूक काढलेली नाही. तरीही हा एक अर्ज मी नमुना सोडून लिहीत आहे. ज्यांच्याबद्दल तो आहे, त्यांना कोणत्याच नमुन्यात जागा नव्हती.

आमच्या वहिनींना मी या साडेसात वर्षांत एकदाही पूर्ण बसलेले पाहिले नाही. एक पाय दुमडलेला, दुसरा गुडघा वर, टाच उचललेली, तोंड आपल्याकडे आणि कान आतल्या खोलीकडे, अशी त्यांची बैठक. चहा पिताना तशाच, भाजी निवडताना तशाच, दिवाळीच्या पंगतीतही तशाच. पाट दिला तर त्याच्या कडेवर टेकायच्या. एकदा मी म्हणालो, "वहिनी, नीट मांडी घालून बसा की. कुणी उठवायला आलंय का?" त्या म्हणाल्या, "यील की आता." तेवढ्यात आतून हाक आली. "बघा," म्हणाल्या आणि उठल्या. त्यांचा चहा तिथेच राहिला. त्यावर साय धरेपर्यंत मी तिथे होतो, आणि आपला चहा मात्र मी पूर्ण प्यालो होतो.

ती हाक म्हणजे एकच शब्द होता. आईची उजवी बाजू गेली, वाचा गेली आणि जिभेवर एवढे एकच उरले: भवाने. भूक लागली की भवाने, कूस बदलायची की भवाने, ओले झाले की भवाने, आणि सून जवळ बसली याचे बरे वाटले तरी भवाने. आम्हा मुलांना ती शिवी ऐकू यायची आणि लाज वाटायची. वहिनींना त्यात काय हवे आहे ते बरोबर कळायचे. "आज आत्याबाई सकाळधरनं दोनदाच बोलल्या. ताप बघावा लागंल," असे म्हणून त्या थर्मामीटर लावायच्या, आणि ताप निघायचा. उलट आईने सारखा धोशा लावला की म्हणायच्या, "एवढ्या जोरात वराडायची ताकद हाय तर उठून चार भाकरी थापा की, आत्याबाई. माजे हात दुकत्यात." आई तोंडाच्या डाव्या बाजूने हसायची. त्या घरात साडेसात वर्षे जे काही हसणे झाले, ते या दोघींचे. आम्ही गेलो की ते थांबायचे, कारण आम्ही गंभीर चेहऱ्याने जात होतो.

माझ्या जाण्याविषयी सविस्तर लिहिणे भाग आहे. मी महिन्यातून दोन रविवार मोटारसायकलवर जात असे. इस्त्रीचा शर्ट, खिशाला दोन पेने. खाटेपाशी खुर्ची टाकून मी चौकशी सुरू करायचो. गोळ्या वेळेवर होतात का, पाणी किती पिते, पाठ दाखवा. एका रविवारी आईच्या माकडहाडावर लाल डाग दिसला. मी विचारले, "हा डाग मागच्या खेपेला नव्हता. कधी पडला? कशामुळे?" वहिनी म्हणाल्या, "पंचनामा झाला आसंल तर भावजी, त्या बाजूनं चादर धरा. एकटीनं वढली की कातडं घासतं. डाग त्यानंच पडतो."

मी म्हणालो की मला चार वाजता नेवाशात एका गृहस्थांना भेटायचे आहे आणि शर्ट खराब होईल. "ऱ्हाऊ द्या मग," त्या म्हणाल्या. मग त्यांनी एक गुडघा खाटेवर रोवला, आईला स्वतःच्या छातीवर ओढून घेतले, चादरीचे एक टोक दातांत धरले आणि उरलेल्या एका हाताने ती खालून सरकवली. मी खुर्ची मागे घेतली, म्हणजे त्यांना जागा व्हावी. कारण मला सांगण्यात आले होते. उपायही सांगण्यात आला होता, आणि तो उपाय म्हणजे माझे दोन हात होते. मी तो दाखल करून घेतला नाही.

भेटायला येणाऱ्यांची वेगळी नोंद करतो. ते बिस्किटांचा पुडा घेऊन यायचे, खाटेपाशी डोळे पुसायचे, कुणी लसणाचे तेल सांगायचे, कुणी अमक्या गावचा वैद्य. वहिनी सर्वांना चहा करायच्या, मग कप विसळायच्या, मग त्या गडबडीत आईचे जेवण उशिरा झाले म्हणून आईच्या शिव्या खायच्या. अक्का मोबाईलवर व्हिडिओ कॉल करायची. वहिनी हात उंच करून आईच्या तोंडापुढे मोबाईल धरायच्या, अक्का पलीकडे पाच मिनिटे रडायची आणि ठेवून द्यायची. वहिनी खांदा चोळत म्हणायच्या, "वन्सं रडून मोकळ्या हुत्यात. त्यांचं बरं हाय." निघताना प्रत्येकाचे वाक्य एकच, आईला जप बरं का. साडेसात वर्षांत त्या उंबऱ्यात उभे राहून सुमन, तू जेवलीस का, असे सिंधूबाई सोडून आणखी कोणी विचारले असेल, तर त्याने पुढे यावे. साक्षीदारांच्या यादीत त्याच्यासाठी जागा राखून ठेवली आहे.

आशाताई आईचा रक्तदाब बघायला यायच्या. एकदा मी असतानाच आल्या आणि आईचे झाल्यावर त्यांनी तो पट्टा वहिनींच्या दंडाला गुंडाळला. वहिनी नको नको म्हणत होत्या. आकडा बघून आशाताईंचा चेहरा बदलला. त्यांनी तालुक्याच्या दवाखान्याची चिठ्ठी लिहिली आणि म्हणाल्या, "वहिनी, पेशंट सांभाळणाऱ्यानं आधी स्वतःला सांभाळायचं असतं. वेळेवर जेवायचं. दिवसातनं अर्धा तास बाहेर चक्कर मारायची. मनात साठलं तर कुनाशी तरी बोलायचं. महिन्यातनं दोन दिवस तरी दुसऱ्या कुनाला बसवायचं."

"बरं हाय की," वहिनी म्हणाल्या. "त्या अर्ध्या तासात आत्याबाईंपाशी कोन बसायचं, तेबी चिठ्ठीवर लिवा."

आशाताईंनी माझ्याकडे पाहिले. चांगले सरळ पाहिले. मी म्हणालो, "मी याबाबत पाठपुरावा करतो." आणि केला. दुसऱ्याच दिवशी मी घरी येऊन तपासणारी परिचारिका मिळावी असा दोन पानी अर्ज लिहिला, टपालाने पाठवला, पोच आली, ती फाईलला लावली. आमच्या धंद्यात पोच मिळाली की काम झाले असे वाटण्याची एक सवय लागते. मला त्या आठवड्यात छान झोप लागली. वहिनींनी ती चिठ्ठी आईच्या गोळ्यांच्या डब्यात ठेवली होती. दवाखान्यात जायला त्यांना अर्धा दिवस लागला असता. आमच्या घरात अर्धा दिवस शिल्लक नव्हता.

आता जे लिहितो, ते वहिनींनी मला लिहून ठेवायला सांगितले होते आणि मी लिहिले नव्हते. एका रविवारी त्या मला गोठ्यापाशी घेऊन गेल्या. डोळे सुजलेले होते. म्हणाल्या, "भावजी, काल मी आत्याबाईंच्या हाताला चिमटा काढला. दुखऱ्या न्हाई, चांगल्या हाताला. जोरात. तिसऱ्यांदा कालवण सांडलं त्यांनी, मुद्दाम. मला कळतं मुद्दाम कवा आन चुकून कवा. मला लई राग आला. तुमी हे लिवून ठिवा कुटंतरी."

मला भाषण करता येते, ते मी केले. आई म्हणजे काय, सेवा म्हणजे काय, वृद्ध माणूस लेकरासारखे असते, पुन्हा असा हात लावायचा नाही. वहिनींनी सगळे ऐकून घेतले. शेवटी म्हणाल्या, "बरं. चुकलं माजं." त्यानंतर त्यांनी मला मनातले काही सांगितले नाही. त्या दिवशी त्यांना माझ्याकडून निवाडा नको होता. साडेसहा वर्षे एकही सुट्टी न घेतलेले माणूस एका चिमट्याची कबुली द्यायला आले होते, आणि समोर मी उभा होतो.

त्या वर्षीच्या वैशाखात एका दुपारी वहिनी थेट माझ्या टेबलापुढे आल्या. दादाला कारखान्याची साप्ताहिक सुट्टी होती, त्याला आईपाशी बसवून एसटीने, नेवासा फाट्यावर गाडी बदलून आल्या होत्या. पक्षकाराच्या स्टुलावर बसल्या, अर्ध्याच.

"भावजी, एक अर्ज लिवायचाय."

"आईचा का?"

"न्हाई. माजा."

मी कोरा कागद घेतला. "विषय सांगा."

"चार दिवस रजा मिळनेबाबत," त्या म्हणाल्या. "तुमी लिवता तसंच म्हनलं. बरूबर हाय का?"

शेजारचा स्टॅम्पवाला मान वळवून म्हणाला, "वहिनी, नोकरी कवा लागली? पेढे न्हाई दिले." तो हसला. मीही हसलो. वहिनी हसल्या नाहीत. मी विचारले, चार दिवस कशासाठी. म्हणाल्या, "माहेरी जायचं. पाथर्डीच्या पल्याड. आईच्या वसरीवर पालथं झोपायचं. कुनी हाक मारली तरी उठायचं न्हाई. दुसरं काय काम न्हाई माजं."

मी त्यांना समजावून सांगितले. अर्जाची सुरुवात 'प्रति' या शब्दाने होते. त्याच्यापुढे सक्षम अधिकाऱ्याचे पद लिहावे लागते. रजा मागायची तर रजा देण्याचा अधिकार असलेली व्यक्ती हवी, आणि तुम्ही तर कोणाच्या नोकरीत नाही.

"नोकरीत आस्ते तर आयतवार तरी मिळाला आस्ता," त्या म्हणाल्या. थोडा विचार करून म्हणाल्या, "मग तुमच्याच नावानं लिवा. आई तुमची हाय."

"मी सक्षम अधिकारी नाही, वहिनी."

त्यांनी माझ्याकडे पाहिले, आणि मग हसल्या. "ते मातुर खरं," म्हणाल्या. चहा मागवला होता, तो अर्धा पिऊन परतीच्या गाडीला गेल्या. त्या कागदावर मी विषय लिहिला होता. 'प्रति'पुढची जागा रिकामी होती. तीस वर्षांत मी दगडाला पाझर फुटेल असे अर्ज लिहिले, मंत्र्यांना लिहिले, आयुक्तांना लिहिले. दोन भाऊ आणि एक बहीण यांच्या नावाने अर्ज करता येतो, हे मला सुचले नाही. सुचले असते तरी मी लिहिला नसता, कारण पहिले उत्तर मलाच द्यावे लागले असते.

मात्र तो प्रसंग मनात राहिला, आणि भाऊबिजेला सगळे जमले तेव्हा मी ठराव मांडला. रीतसर मांडला. वहिनींना चार दिवस विश्रांतीसाठी माहेरी पाठवावे, त्या काळात आईचा सांभाळ अक्काने व मी पाळीने करावा. सूचक मी, अनुमोदक दादा, सर्वानुमते मंजूर. मी खाली सगळ्यांच्या सह्या घेतल्या. वहिनी पुरणपोळी लाटता लाटता ऐकत होत्या. म्हणाल्या, "भावजी, तुमचं लिवनं लई गोड आसतं. पन त्याला हातपाय न्हाईत." सगळे हसले. तरी त्यांनी त्याच संध्याकाळी एक कापडी पिशवी भरली. दोन लुगडी, आपल्या आईसाठी एक नवे पातळ, तेलाची बाटली. ती भिंतीवरच्या खुंटीला लावली.

मार्गशीर्षात अक्काची पाळी होती. तिच्या मुलाकडे पाहुणे येणार म्हणून तिने फोन केला. वहिनींनी पिशवीतले एक लुगडे काढून नेसायला घेतले. पौषात माझी पाळी होती. ग्रामपंचायतीच्या निवडणुकीचे अर्ज भरणे चालू होते. माझ्या टेबलापुढे रांग होती आणि माझ्यावाचून कोणाचे काही अडेल अशी माझी समजूत होती. वहिनींनी दुसरे लुगडे काढले. माघात मी निक्षून सांगितले, या रविवारी येतो, चार दिवस राहतो. त्यांनी दोन्ही लुगडी धुतली, घड्या घातल्या, परत पिशवीत ठेवली.

त्या रविवारच्या आधी घोडेगावचा बाजार होता. वहिनींना बाजाराच्या दिवशी रस्त्याकडेला उभे राहून टेम्पोतली जनावरे बघायला आवडायचे. त्यांचे वडील लहानपणी त्यांना या बाजाराला घेऊन येत. लांबून बघून कोणता बैल किती दाती, म्हणजे किती वयाचा, हे त्या सांगायच्या, आणि बहुधा बरोबर निघायचे. ही पाच मिनिटे एवढीच त्यांची चैन होती. त्या दिवशी त्या रस्त्यावर दिसल्या नाहीत. दादा पहिल्या पाळीला गेला होता. दुपारी सिंधूबाईंना आमच्या घरातून आईची हाक ऐकू आली. भवाने, भवाने, थांबायला तयार नाही. त्या आल्या तर वहिनी ओसरीत बसलेल्या होत्या. पिशवीच्या खाली, भिंतीला पाठ टेकून, मांडी घालून, दोन्ही हात ओटीत. पूर्ण बसलेल्या.

सिंधूबाईंनी मला हे नंतर सांगितले. त्यांना आधी बरे वाटले. "म्हनलं, बसली बाई एकदाची. कशाला उठवा." म्हणून त्यांनी हाक मारली नाही. पावलांचा आवाज न करता आत गेल्या, आईला पाणी पाजले, कूस बदलली, आणि बाहेर येऊन हळूच विचारले, सुमन, चहा ठिवू का तुला. साडेसात वर्षांत त्या घरात वहिनींना चहा विचारला गेला, तो असा.

दहाव्याला भाषणे झाली. सेवा करता करता गेली, पुण्यवान होती, तिने सोने केले. मी या शब्दांना लेखी हरकत घेतो. सेवा करता करता गेली असे नाही. आम्ही तिघांनी, एकेक रविवार पुढे ढकलून, त्यांना संपवले. पुण्य वगैरे म्हणणाऱ्यांनी ते पुण्य साडेसात वर्षांत कधी अर्धा तास तरी वाटून घ्यायला यायचे होते.

आणि पुढचे ऐका. तेराव्याच्या दुपारी आईचे काय करायचे यावर आम्ही बसलो. अक्का म्हणाली, मी महिन्यातले दहा दिवस येते. मी म्हणालो, मी दहा दिवस येतो, टेबल बंद ठेवतो. दादाने पाळी बदलून घ्यायचे कबूल केले, सकाळच्या कामाला गावातली एक बाई ठरली. अर्ध्या तासात झाले. जी रजा वहिनींना जिवंतपणी मिळाली नाही, ती त्यांच्या तेराव्याला अर्ध्या तासात मंजूर झाली. वेळ होता. माणसे होती. पाहुणे, निवडणुका, सगळे बाजूला सारता येत होते. हे मला त्या दिवशी कळले, आणि तेव्हापासून माझा राग उतरलेला नाही. तो कोणावर काढायचा हे कळेना, म्हणून लिहीत आहे.

एकटीच्या जागी आता आम्ही चार जण आहोत आणि तरी आईच्या पाठीवर डाग पडतात. मी आता अर्धा बसतो. माझे मलाच एकदा लक्षात आले, गुडघा वर, टाच उचललेली. भेटायला येणारे मला विचारतात, आई कशी आहे. मागच्या पावसाळ्यात एका दुपारी आईने चौथ्यांदा पाणी थुंकले आणि मी स्टीलचा पेला भिंतीवर फेकला. आई घाबरून गप्प झाली. मी गोठ्यापाशी जाऊन उभा राहिलो आणि मला चिमट्याची गोष्ट आठवली. ती कबुली घ्यायला माझ्यापुढे कोणी नव्हते. आवाज ऐकून सिंधूबाई आल्या. त्यांनी भाषण केले नाही. म्हणाल्या, "जावा, रस्त्यापात्तुर फिरून या. मी बसते." मी वीस मिनिटे चाललो. परत आलो तेव्हा मी पुन्हा माणूस झालो होतो. वीस मिनिटे लागतात. एवढेच मागणे होते, आणि ते मी दर रविवारी, इस्त्रीचा शर्ट काढून ठेवून, देऊ शकलो असतो.

आई अजून माझ्या खांद्यावरून दाराकडे बघते आणि म्हणते, भवाने. पहिले काही दिवस मी सांगत होतो, वहिनी नाहीत, आई. आता मी ओ देतो.

टेबलावरही माझी एक रीत बदलली आहे. अपंग, अंथरुणाला खिळलेल्या माणसाचा अर्ज आला की मी शेवटी एक ओळ वाढवतो: सदर व्यक्तीस सांभाळणाऱ्याचे नाव, आणि त्यास शेवटची सुट्टी केव्हा मिळाली. कारकून म्हणतो, हा रकाना नमुन्यात नाही. मी म्हणतो, खोडायचे तर तुम्ही खोडा, मी लिहिणार. बरोबर आलेले माणूस मात्र ती ओळ वाचताना थांबते. परवा एक बाई त्या ओळीवर बोट ठेवून रडली आणि स्टुलावर नीट मागे सरकून बसली.

हा अर्ज आता लिहिण्याचे कारण असे. गेल्या महिन्यात भावकी आमच्या ओसरीत बसली होती. दादा-वहिनींचा मुलगा शिकायला पुण्याकडे गेला तो तिथेच नोकरीला आहे. एक जण म्हणाला, "आता पोराचं उरकून टाका. घरात बाईमानूस आलं म्हंजी म्हातारीचं बघायला कुनीतरी झालं." दादाने मान हलवली. अक्काने मोबाईलवर मुलीचा फोटो दाखवला आणि म्हणाली, "मुलगी सोशिक आहे. सांभाळून घेईल." वर खुंटी होती. पिशवी अजून तिथेच होती, कोणी काढली नव्हती.

मी म्हणालो, "माझी हरकत आहे."

दादा म्हणाला, "लग्नात काय हरकत घेतो तू? अर्ज घालतो का आता?"

"घालतो," मी म्हणालो. "सुमनवहिनींच्या जागेवर माणूस भरायचं चाललंय हे."

दादाने खुंटीवरच्या पिशवीकडे पाहिले. मग म्हणाला, "मला वाटलं हुतं, तिला जमतंय." दादा वाईट माणूस नाही. माझ्या ओळखीत जे जे असे वागले, त्यातला कोणीही वाईट माणूस नाही. सगळ्यांना वाटले होते, तिला जमतंय.

प्रति, दादा, अक्का, आमची समस्त भावकी, आणि ज्या मुलीचा फोटो फिरत आहे तिचे आईवडील, यांस विनंती की, या घरात नवी मुलगी आणण्यापूर्वी तिच्या वाट्याला येणाऱ्या कामाच्या आधी तिच्या रजेचे दिवस ठरवावेत आणि त्या दिवशी आईपाशी कोण बसेल त्याचे नाव तिच्यासमोर सांगावे. मुलीकडच्यांनी घर, नोकरी, जमीन विचारून झाल्यावर हेही विचारावे, आणि उत्तर मिळाले नाही तर उठून जावे. मी त्यांना रस्त्यापर्यंत सोडायला येईन. वहिनींच्या पिशवीतले नवे पातळ त्यांच्या आईला पोचवायचे राहिले आहे. ते दादाने स्वतः पाथर्डीच्या पलीकडे जाऊन द्यावे, आणि त्या म्हातारीच्या ओसरीवर निदान एक दिवस गप्प बसून यावे.

उत्तर लेखी नको. सह्या नकोत, ठराव नको, पोच नको. रविवारी सकाळी आईची चादर बदलायची असते. एक बाजू मी धरलेली असेल. समोरच्या बाजूला जो येऊन उभा राहील, त्याचे उत्तर मिळाले असे समजले जाईल.

आपला,
तक्रारदार तथा सामनेवाला क्रमांक तीन